वैरण घाल गं, गळा लाव

डोळे उघडा. मिट्ट अंधार आहे. ज्येष्ठ सरत आला तरी पाऊस अजून निमगाव केतकीकडे फिरकलेला नाही. सारवलेल्या जमिनीतून कालच्या उन्हाची धग वर येतेय. कोपऱ्यात रॉकेलची चिमणी भकभकतेय. तिचा धूर, गोठ्याचा वास आणि कणगीतून काढलेल्या ज्वारीचा कोंदट वास एकदमच नाकात शिरतात. तुम्ही ऐंशी-नव्वद वर्षं मागं, इंदापूर तालुक्यातल्या एका सोप्यात येऊन पडला आहात. पिठाची गिरणी अजून गावात आलेली नाही. पुरुष असाल तरी आज अंगावर नऊवारी आहे, हातात काकणं आहेत आणि पुढ्यात जातं. एक पाय लांब करा, दुसरा दुमडा.

"धर खुंटा," थोरली जाऊ म्हणते.

तुकोबांची पालखी दोन दिवसांवर आलीय. वारकऱ्यांच्या भाकरीसाठी घराघरातून आलेली ज्वारी सोप्यात एकाच ढिगात ओतलीय. कुणाची किती, ते आता ढिगालाही ठाऊक नाही. पाच-सहा जणी दाटीवाटीनं बसल्यात. पलीकडच्या घरांतूनही घरघर ऐकू येतेय, जणू सगळा गावच झोपेत घोरतोय.

पहिला फेरा जड जातो. खांदा तटतटतो. जावेचा घामेजलेला हात तुमच्या हातावर घट्ट बसतो आणि दगड हलतो. "वैरण घाल गं!" मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, तेही हात न थांबवता. उशीर झाला की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच उतरते. पाळीच्या कडेनं कोमट पीठ झरू लागतं. त्याचा भाजल्यासारखा गोड वास येतो न येतो तोच आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पहिली ओवी उचलतात.

ओवी जात्यालाच देव म्हणते. बाकीच्या तीच ओळ घोळवतात, फेऱ्यावर तोलतात. जाऊ त्यातला देव पकडते आणि थेट पंढरीला पोचते. तिसरी पंढरीवरून चंद्रभागेच्या वाळवंटात उतरते. मग सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे.

"आता तू गळा लाव."

तोंड कोरडं पडतं. घाबरू नका. नवं काही शोधायचं नाही, आधीच्या बाईनं हात पुढं केलाय, तो धरायचा. वाळवंटात काय असतं? गर्दी. गर्दीत कोण दिसावं? भाऊ. बस, झाली तुमची ओवी! अक्षरं कमी पडली तिथं 'बाई' घाला, जातं सांभाळून घेईल. सगळ्या जणी तुमची ओळ उचलतात, आणि एका फेऱ्यात ती तुमची एकटीची राहत नाही.

जपानमध्येही माणसं अशीच एका खोलीत जमून एक कविता करत. तिला रेंगा म्हणत. एकानं ५-७-५ अक्षरांचं कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं ७-७ चं जोडायचं. प्रत्येक कडव्यानं लगेच आधीच्याचा हात धरायचा आणि त्याच्याही आधीचा सोडायचा. सतराव्या शतकातला कवी बाशो आपल्या सोबत्यांबरोबर अशी ३६ कडव्यांची साखळी गुंफत असे. तिथं पहिलं कडवं पाहुण्याचं, दुसरं यजमानाचं. चंद्र कुठं यावा, फुलं कुठं यावीत, हेही ठरलेलं. आणि लिहून घ्यायला एक जण बसलेला.

इथं लिहून घेणारं कुणी नाही. इथून जवळच, बारामतीत, मोरोपंतांनी आर्या रचल्या आणि त्यांचं नाव मराठीत कायमचं राहिलं. या सोप्यातल्या बायकांची नावं सोप्यातच राहणार. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे अभ्यासक गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवतील, गाणारणींच्या नावांनिशी. पण ती पहाट अजून लांब आहे.

तुमच्या भावावरून पाचवी माहेरी जाते. आणि नवी सून, जी इतका वेळ नुसती वैरण घालत होती, हळूच गळा लावते. तिच्या ओवीत आई दारात उभी आहे आणि लेकीला धाडणारं कुणी नाही. हे ती बोलली असती तर घरात वादळ उठलं असतं. सासू तर समोरच बसलीय. चिमणी फडफडते. तुमचा श्वास अडकतो, जातं मात्र थांबत नाही.

आणि आत्याबाई तीच ओळ उचलतात. त्यांचीही आई होती, त्यांनाही कुणी धाडलं नव्हतं. सुनेचं दुःख सासूच्या गळ्यातून बाहेर पडतं, आणि खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक येतात.

कोंबडा आरवतो. दार उघडताच गार झुळूक येते. भुवयांवर पीठ, तळव्याला फोड. ढीग संपलाय.

"आत्याबाई, मघाची ओवी परत म्हणा की," सून म्हणते.

"कुठली गं? आता न्हाई आठवत." त्या पदरानं तोंड पुसतात. "उद्या जात्यावर बसलो की येईल."