जनुकांमधील अंतराचे गणित : दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे १९४४ मधील सूत्र

प्रस्तावना

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांची महाराष्ट्रातील ओळख प्रामुख्याने प्राचीन भारताचे इतिहासकार अशी आहे. आनुवंशिकीच्या अभ्यासकांना मात्र त्यांचे नाव एका गणिती सूत्रामुळे परिचित आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना त्यांनी हे सूत्र शोधले व ते १९४४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जनुकांच्या गणिती प्रारूपांच्या इतिहासात या सूत्राचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते व त्यामुळे संततीत गुणांचे नवे संयोग दिसतात. या नव्या संयोगांच्या प्रमाणावरून स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. परंतु दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाल्यास ती संततीत दिसत नाही व अंतर कमी भरते. ही त्रुटी दूर करण्यासाठी हाल्डेन यांनी १९१९ मध्ये प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असते असे गृहीत धरले. वस्तुतः एका ठिकाणची अदलाबदल लगतच्या दुसरीला बहुधा अटकाव करते.

कोसंबींचे सूत्र

हा अटकाव जवळच्या जनुकांत पूर्ण असतो आणि अंतरासोबत कमी होत जातो, असे कोसंबींनी गृहीत धरले. नव्या संयोगांचे प्रमाण 'र' मानल्यास, अंतरानुसार 'र' वाढण्याचा दर हाल्डेन यांच्या प्रारूपात १ − २र, तर कोसंबींच्या प्रारूपात १ − ४र² येतो. 'र' २० टक्के असल्यास हाल्डेन यांच्या रीतीने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन, तर कोसंबींच्या रीतीने सुमारे २१.२ येते. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. त्यापूर्वीच हे गणित मांडले गेले होते.

पुढील वाटचाल

जाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये जनुकांच्या नियमनाची यंत्रणा स्पष्ट केल्यानंतर गुडविन यांनी १९६३ मध्ये विकलक समीकरणांनी, तर कॉफमन यांनी १९६९ मध्ये 'चालू-बंद' अशा तार्किक जाळ्यांनी नियमनाच्या गतिकीची प्रारूपे मांडली. कोसंबींचे सूत्र नियमनाचे नव्हे. त्यातील चल काळ नसून अंतर आहे. तथापि बदलाचा दर त्या राशीच्या तत्कालीन मूल्यावर अवलंबून ठेवण्याची रीत तीच आहे.

निष्कर्ष

हे सूत्र अटकावाच्या जैविक कारणाचा उलगडा करीत नाही. ते एक सुटसुटीत गृहीतक आहे आणि ही त्याची मर्यादा होय. असे असूनही 'मॅपमेकर' या १९८७ मधील संगणक प्रणालीत त्याचा समावेश झाला आणि पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी ते आजही वापरले जाते. कोसंबी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मात्र हे कार्य त्यापूर्वीचे, महाविद्यालयीन अध्यापनाच्या काळातील आहे. केवळ इतिहासकार म्हणून त्यांचे स्मरण केल्यास मराठी विद्याविश्वाला आपल्याच एका अध्यापकाचे अर्धेच मूल्यमापन हाती लागते.