दुखण्यावर हाताचा उतारा : ऑस्टिओपथी आणि वारणेचे खोरे

दिवाळी सरली की वारणेच्या खोऱ्यात साखर कारखान्याचे धुराडे धुमसू लागते आणि ऊसतोडणीच्या टोळ्या फडात उतरतात. बुडख्यापाशी कोयता चालवायचा तर दिवसभर कमरेत वाकावे लागते. तोडलेल्या उसाची मोळी बांधून, ती डोक्यावर तोलत, अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढवावी लागते. याच खोऱ्यात पहाटे आणि सायंकाळी उकिडवे बसून धारा काढणाऱ्या स्त्रिया आहेत, तालमीत जोर-बैठका मारणारी पोरे आहेत आणि संगणकापुढे मान घालून तासन्‌तास बसणारे विद्यार्थीही आहेत. कामे निरनिराळी, वये निरनिराळी; तक्रार मात्र एकच. कुणाची कंबर धरते, कुणाची मान, कुणाचा खांदा, तर कुणाचा गुडघा.

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर ही तात्यासाहेब कोरे (१९१४-१९९४) यांच्या सहकारातून उभी राहिलेली वसाहत. आधी साखर कारखाना, मग दूध संघ, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९८ मध्ये परिसरातील ७० गावांना संगणकाने जोडणारा प्रकल्प, असा तिचा प्रवास आहे. फडातील कोयत्यापासून संगणकाच्या कळफलकापर्यंतचे श्रम एकाच पंचक्रोशीत आढळत असल्याने, अंगदुखी आणि तिच्यावरील हाताचे उपचार यांचा विचार करण्यास हा परिसर सोयीचा आहे. जगभर 'ऑस्टिओपथी' या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती नेमकी काय आहे, तिच्याकडून काय अपेक्षा धरावी आणि कोठे थांबावे, हे त्यासाठी समजून घ्यायला हवे.

परंपरेतील हात

हाताने दुखणे उतरवण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत अस्थिभंग आणि सांधे निखळणे यांवरील उपचारांचे विवेचन आहे, तसेच शरीरातील १०७ मर्मस्थाने सांगितली आहेत. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येतच स्थान दिले. बाळ-बाळंतिणीला तेल लावून शेक देणारी बाई, हात-पाय मोडल्यावर बांबूच्या कामट्या बांधणारा हाडवैद्य आणि तालमीत पहिलवानांचे अंग रगडणारे वस्ताद व त्यांचे पठ्ठे ही त्याच परंपरेची रूपे. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही समजूतही गावोगाव होती.

कोल्हापूरच्या कुस्तीला राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. वारणानगरातही तात्यासाहेबांच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला, कुस्त्यांचे मोठे मैदान भरते. आखाड्यात दुखापत पाचवीला पुजलेली असते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना मुकावे लागले. असे दुखणे वेळीच ओळखले गेले नाही, तर सामान्य माणसाची रोजी बुडते.

अमेरिकेतील उगम

ऑस्टिओपथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली. त्या काळी पारा, अफू आणि मद्य यांचा औषध म्हणून सढळ वापर होत असे. स्वतः वैद्यकी करणाऱ्या स्टिल यांचा त्या औषधांवरील विश्वास उडाला आणि शरीररचनेच्या अभ्यासातून त्यांनी वेगळी वाट शोधली. २२ जून १८७४ रोजी त्यांनी आपला विचार मांडला. शाहू महाराजांचा जन्मही त्याच महिन्यातला, हा योगायोग. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे स्टिल यांनी पहिले महाविद्यालय काढले आणि पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश दिला.

'ऑस्टिओपथी' हा शब्द हाड आणि वेदना या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला असला, तरी ही पद्धती केवळ हाडांपुरती नाही. शरीर हा एकसंध घटक आहे, त्याची रचना आणि त्याचे कार्य परस्परांवर अवलंबून असतात आणि स्वतःला सावरण्याची क्षमता शरीरात मुळातच असते, ही तिची मुख्य तत्त्वे आहेत. उपचार करणारा रुग्णाचे उभे राहणे, चालणे, वाकणे पाहतो, बोटांनी स्नायूंचा ताण आणि सांध्यांची हालचाल तपासतो आणि मग हातांनीच उपचार करतो. त्यात स्नायू हळूहळू सैल करणे, सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत फिरवणे, रुग्णाला स्नायू आवळायला लावून तो पुन्हा ताणणे आणि प्रसंगी सांध्याला अल्प पण वेगवान झटका देणे असे अनेक प्रकार आहेत.

पुढे या विद्येचे दोन फाटे झाले. अमेरिकेत ऑस्टिओपथीची पदवी घेणारे औषधे देणारे व शस्त्रक्रिया करणारे पूर्ण अधिकाराचे डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९१७ मध्ये लंडनला या विषयाची शाळा सुरू झाली. तेथे ऑस्टिओपाथ प्रामुख्याने हातांनीच उपचार करतात. १९९३ च्या कायद्याने त्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदणीशिवाय कोणालाही ते बिरुद लावता येत नाही.

आराम का वाटतो?

मान किंवा पाठ मोडताना 'कट्ट' असा आवाज आला की सरकलेला मणका जागेवर बसला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सांध्यातील वंगणासारख्या द्रवात दाब एकाएकी घटल्याने वायूची पोकळी निर्माण होते आणि त्यातून तो आवाज येतो. 'मणका सरकला', 'मणक्यात गॅप आला' हे शब्द रुग्णाच्या मनात भीती बसवतात आणि भीतीपोटी तो हालचाल बंद करतो. पाठदुखी रेंगाळण्याचे ते एक मोठे कारण ठरते.

स्पर्शाने वेदना का कमी होते, याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये दिले. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अंशतः अडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ठेच लागल्यावर आपण नकळत अंगठा चोळतो, ते याच कारणाने. स्नायू सैल होणे, कुणीतरी आपले दुखणे लक्षपूर्वक तपासते आहे याचा दिलासा आणि हालचालीची भीती कमी होणे, यांचाही आरामात वाटा असतो. शिवाय अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुटते. त्या काळात केलेल्या कोणत्याही उपचाराला, अगदी पायाळूच्या लाथेलाही, श्रेय मिळून जाते.

पुरावा काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. ब्रिटनमधील १,३३४ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाठीवरील हस्तोपचार आणि व्यायाम यांच्या जोडीने ३ महिन्यांनी मध्यम, तर वर्षाअखेर थोडा लाभ दिसला. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या ऑस्टिओपथी उपचाराची तुलना लटक्या उपचाराशी करण्यात आली. दैनंदिन हालचालीत किंचित सुधारणा आढळली, पण वेदनेत उल्लेखनीय फरक पडला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. रुग्णाचे शिक्षण, व्यायाम, मणक्यांवरील हस्तोपचार, मालीश आणि मानसोपचार यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून कंबर ताणणे यांची मात्र सरसकट शिफारस नाही. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी घरोघर आढळतात. सारांश असा, की हस्तोपचाराचा उपयोग आहे, पण तो बेताचा आहे आणि व्यायामाची जोड असेल तरच टिकतो. दमा, रक्तदाब, मधुमेह यांसारखे विकार केवळ हातांनी बरे होतात, या दाव्याला भक्कम आधार नाही.

बालपणापासून वार्धक्यापर्यंत

तान्ह्या बाळाला हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. मात्र डोके दाबून गोल करणे, नाक ओढणे, हात-पाय जोराने ताणणे हे प्रकार टाळावेत. बाळाच्या पोटदुखीवर किंवा रडण्यावर कवटीला स्पर्श करून इलाज करणारी ऑस्टिओपथीची एक शाखा आहे. तिच्याविषयी समाधानकारक पुरावा उपलब्ध नाही. याउलट, लहान मुलाला हात धरून उचलताना कोपराचे हाड अर्धवट निसटले, तर डॉक्टर ते क्षणात हातानेच बसवतात. जन्मतः वाकडे असलेले पाऊल दर आठवड्याला हळुवार वळवून प्लास्टर घालण्याची पोन्सेटी पद्धत जगन्मान्य आहे आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. हाताची खरी करामत पाहायची तर ती येथे.

तरुणांच्या मान-पाठीच्या दुखण्यात एकाच स्थितीत बसणे हा मोठा दोष असतो. दर अर्ध्या तासाने उठणे, पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवणे आणि रोज चालणे, हे उपाय कोणत्याही मालिशीहून स्वस्त आहेत. फडातील व गोठ्यातील कष्टकऱ्यांना विश्रांतीचा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. मोळी लहान बांधणे, ओझे उचलताना गुडघ्यांत वाकणे, धारेसाठी ठेंगणे स्टूल वापरणे हे बदल त्यांच्या आवाक्यातील आहेत.

उतारवयात गुडघ्यांची झीज, आखडलेला खांदा आणि ठिसूळ हाडे यांचा जाच सुरू होतो. मांडीच्या पुढील स्नायूंचे व्यायाम गुडघ्याला आधार देतात. खांदा आखडण्याचे प्रमाण मधुमेहींमध्ये अधिक असते, म्हणून अशा वेळी रक्तातील साखरही तपासावी. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या पाठीवर जोराचा दाब किंवा झटका देणे धोक्याचे ठरते. त्याने मणका पिचू शकतो.

आधी निदान, मग हात

काही दुखणी हाताला मुळीच दाखवू नयेत. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि घटणारे वजन ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला, तर दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, बैठकीच्या जागेला बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर पाठ दुखू लागणे, यांपैकी काहीही असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मान झटक्याने वळवल्यास मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे दुर्मीळ असली, तरी नोंदली गेली आहेत. मोडलेल्या हातावर घट्ट कामट्या बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात कायमचा निकामी होतो, हाही अस्थिरोग विभागांचा जुना अनुभव आहे. बोटे काळी-निळी पडली, सुजली किंवा बधिर झाली, तर बांधणी त्याच क्षणी सोडवून घ्यावी आणि रुग्णालयात जावे.

कोणाकडे जावे?

ब्रिटनप्रमाणे ऑस्टिओपथीसाठी वेगळा कायदा आणि वेगळी परिषद भारतात नाही. ओडिशातील कटक येथील श्री श्री विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. पण गावोगावच्या फलकांवरील 'ऑस्टिओपाथ' या शब्दामागे पदवी असू शकते, तसे चार दिवसांचे शिबिरही असू शकते. फिजिओथेरपीचे तसे नाही. या क्षेत्राचा देशातील पाया महाराष्ट्रातच घातला गेला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, तर १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने तेथेच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. राज्याने २००२ मध्ये या दोन्ही व्यवसायांच्या परिषदेसाठी कायदा केला. २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही फिजिओथेरपीचा समावेश आहे. कोल्हापूर आणि कऱ्हाड येथे त्याची महाविद्यालये असल्याने वारणेच्या रुग्णाला प्रशिक्षित हात फार दूर शोधावे लागत नाहीत.

उपचार करणाऱ्याला काही प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. शिक्षण कोठे आणि किती वर्षे झाले? माझ्या दुखण्याचे निदान काय? किती बैठका लागतील आणि उतार पडला नाही तर पुढे काय? घरी कोणता व्यायाम करायचा? पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा, चालू औषधे बंद करायला सांगणारा किंवा प्रत्येक रोगावर एकच इलाज सांगणारा उपचारक टाळलेला बरा. चार-सहा बैठकांत फरक जाणवला नाही, तर पुन्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, तर ज्येष्ठांनी आठवड्यातून ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंग मोकळे करून देण्याचे काम जाणकार हात करू शकतो. ते मोकळे ठेवण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच रोज करायचे असते. उपचाराच्या खोलीतून बाहेर पडताना रुग्णाला पुढच्या बैठकीच्या तारखेबरोबर घरी करायचे दोन व्यायाम नीट समजले असतील, तर तो उपचार योग्य माणसाकडे चालला आहे असे समजावे.