जुन्या खेळांना गुण देताना

करंजा बंदरात शिडाच्या मचव्याची पारख कोणी इंजिनाच्या होडीशी शर्यत लावून करणार नाही. परंतु जुन्या व्हिडिओ खेळांना मात्र चित्रे ओबडधोबड म्हणून सर्रास नापास करतात! आम्ही आधी यंत्र पाहतो, मग कारागिराला मिळालेली मुदत.

अटारी कंपनीच्या 1977 सालच्या यंत्राची स्मृती अवघी 128 बाइट. एवढ्यात खेळ बसविणाऱ्याचे नाव कंपनी छापीत नसे. नाव नाही, नफ्यात वाटा नाही. तेव्हा चौघे कारागीर बाहेर पडले आणि 1979 साली अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. वॉरन रॉबिनेट यांनी तर ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये गुप्त दालन रचून तेथे स्वतःचे नाव लिहिले.

आता 1982 सालचा ‘ई. टी.’ घ्या. नायक सारखा खड्ड्यात पडतो. गुण आम्हीही कमीच देऊ. पण नाताळची विक्री साधण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पाच आठवडे दिले होते. एरवी अशा खेळास कित्येक महिने लागत. हा शेरा गुणांशेजारी लिहिलाच पाहिजे. पडून राहिलेल्या कॅसेटी 1983 साली न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या. 2014 साली त्या उकरल्या, तेव्हा वॉर्शॉ तेथे हजर होते.