गेन आणि व्हॉल्यूम

गेन आणि व्हॉल्यूम ही ध्वनिमुद्रणातील दोन वेगवेगळी नियंत्रणे आहेत. मायक्रोफोन किंवा वाद्याकडून आलेला विद्युत् संकेत मुद्रणसाखळीत शिरताना किती पटींनी वाढवायचा हे गेन ठरवतो; साखळीतून बाहेर पडणारा आवाज किती मोठा ऐकू यावा हे व्हॉल्यूम ठरवतो. कोणतेही बटण फिरवले तरी हेडफोनमधील आवाज कमीजास्त होतो, त्यामुळे घरगुती ध्वनिमुद्रणात या दोहोंची गल्लत वारंवार होते. प्रत्यक्षात गेनचा परिणाम मुद्रित फाइलवर कायमचा होतो, तर ऐकण्याच्या व्हॉल्यूमचा फाइलवर कोणताही परिणाम होत नाही.

संकेताचा मार्ग

मायक्रोफोनमधून मिळणारा संकेत अतिशय क्षीण, सामान्यतः काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाणित लाइन पातळी (+४ डीबीयू) सुमारे १.२३ व्होल्ट असते. हे अंतर भरून काढण्याचे काम पूर्वविवर्धक करतो आणि त्याचे नियंत्रण म्हणजे गेन. त्यानंतर परिवर्तक संकेताचे अंकीय रूपांतर करतो आणि तो संगणकात साठवला जातो. ऑडिओ इंटरफेस या उपकरणात पूर्वविवर्धक व परिवर्तक एकत्र असतात. इंटरफेसवरील हेडफोन वा मॉनिटर व्हॉल्यूमचे स्थान या साखळीच्या शेवटी, म्हणजे मुद्रणानंतर येते. सॉफ्टवेअरमधील फेडरही मुद्रित झालेल्या ध्वनीची मिश्रणातील पातळी बदलतो; मूळ मुद्रण तसेच राहते.

मापन

गेन डेसिबेलमध्ये मोजतात. विद्युत् दाबाच्या संदर्भात २० डेसिबेल म्हणजे १० पट, ४० डेसिबेल म्हणजे १०० पट आणि ६० डेसिबेल म्हणजे १,००० पट वाढ होय. सुमारे ६ डेसिबेलने दाब दुप्पट होतो. आवश्यक गेन मायक्रोफोनच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, शुअर एसएम७बी या डायनॅमिक मायक्रोफोनला बोलण्याच्या आवाजासाठी सुमारे ६० डेसिबेल गेन लागतो. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असल्याने त्यांना बराच कमी गेन पुरतो.

क्लिपिंग

अंकीय पद्धतीत ० डीबीएफएस ही कमाल पातळी आहे. गेन जास्त झाल्यास या मर्यादेपलीकडील लहरींचे माथे सपाट कापले जातात. यास क्लिपिंग म्हणतात. त्यातून मूळ ध्वनीत नसलेल्या कंप्रता निर्माण होतात आणि आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. नंतर व्हॉल्यूम कमी केला तरी कापलेला भाग परत येत नाही. आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. दुरुस्तीची सॉफ्टवेअर हरवलेल्या भागाचा केवळ अंदाज बांधतात.

हेडफोनचा व्हॉल्यूम कमी असताना आवाज ऐकू येत नाही म्हणून गेन वाढवणे हे क्लिपिंगचे एक सामान्य कारण आहे. यासाठी गेन कानांनी नव्हे, तर पातळीदर्शक पाहून ठरवावा लागतो.

गेन ठरवण्याची पद्धत

मुद्रणापूर्वी गायक, वादक किंवा निवेदकाकडून सर्वांत जोरकस भाग सादर करून घेतात आणि त्याचे माथे साधारण -१२ ते -६ डीबीएफएसच्या दरम्यान राहतील असा गेन ठेवतात. प्रत्यक्ष सादरीकरणात आवाज चढतोच, म्हणून ही मोकळी जागा राखली जाते. तबल्यासारख्या आघातवाद्यांचे क्षणिक माथे सरासरी पातळीच्या बरेच वर जात असल्याने तेथे अधिक जागा ठेवणे श्रेयस्कर. २४ बिट मुद्रणाचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबेल, तर १६ बिटचा सुमारे ९६ डेसिबेल आहे. त्यामुळे २४ बिटमध्ये पातळी थोडी खाली ठेवल्याने गुणवत्तेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

कमी गेन आणि खरखर

गेन फारच कमी ठेवल्यास नंतर आवाज वाढवताना उपकरणाची खरखरही वाढते. समजा, निवेदनाची सरासरी पातळी -४५ आणि शांततेतील खरखर -७५ डेसिबेल आहे. आवाज -२० वर आणण्यासाठी २५ डेसिबेल वाढवले, तर खरखर -५० वर येते. श्राव्यपुस्तकांसाठीच्या एसीएक्स या मंचाच्या निकषांनुसार सरासरी पातळी -२३ ते -१८ च्या दरम्यान, माथे -३ पेक्षा कमी आणि पार्श्वभूमीची खरखर -६० डेसिबेलच्या खाली असावी लागते. म्हणजे वरील मुद्रण तेथे स्वीकारले जाणार नाही.

मात्र ही खरखर पंख्याची किंवा रस्त्यावरील रहदारीची असेल, तर गेन बदलून उपयोग होत नाही, कारण गेन आवाज आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवतो वा घटवतो. अशा वेळी मायक्रोफोन जवळ घेणे हाच परिणामकारक उपाय ठरतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्यास आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते, तर खोलीतील गोंगाट जवळपास तेवढाच राहतो.

३२ बिट फ्लोट मुद्रण

काही आधुनिक मुद्रकांत ३२ बिट फ्लोट पद्धत असते. तिचा पल्ला अतिविशाल असल्याने ० डीबीएफएसच्या वर गेलेली पातळीही नंतर खाली आणता येते. तरीही मायक्रोफोन किंवा पूर्वविवर्धकातच विकृती आली असेल, तर ती या पद्धतीनेही दूर होत नाही. तसेच परिवर्तक २४ बिटचा असल्यास केवळ सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट फ्लोट निवडून क्लिपिंग टळत नाही.