पहिली मैफल

नेऱ्याहून आम्ही बोलतोय.

आपल्या शाळेत बँडपथक, लेझीम नाहीतर पेटीचा वर्ग सुरू होतो. मुलगी आठवडाभर उत्साहानं जाते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आधी नीट येऊ दे, मग लोकांसमोर जा." आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं असाच ड्रम हाती घेतला आणि महिन्याभरात ठेवून दिला. तिला असं सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून आज जुनी हकीकत सांगायची आहे. शिकणाऱ्यांना लोकांसमोर बसवण्याची चाल आपल्याकडे कशी पडली, ती.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, त्यांची सेवा करायची, मिळेल तेवढं कानांनी टिपायचं. गुरूनं परवानगी दिल्याशिवाय चारचौघांत तोंड उघडायचं नाही. त्यात वर्षं जायची. गाणारी माणसं राजेरजवाड्यांच्या आश्रयावर जगायची. त्यांचं गाणं सगळ्यांना हवं असायचं, पण पंगतीत बरोबरीचा मान मिळायचा नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांना हे सलत होतं. त्यांचा जन्म 1872चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. पुढं सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून मैफल केली. दरबाराचं गाणं चार पैसे देणाऱ्या साध्या माणसासमोर आलं. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकवर्गणीच्या बळावर. 1908 साली मुंबईतही शाळा सुरू झाली. गाण्याची शाळा त्याआधीही होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांची गायनशाळा 1886 साली निघाली होती. पण पलुस्करांची शाळा राजाच्या नव्हे, लोकांच्या आधारानं उभी राहिली.

या शाळेत वर्ग होते, वेळापत्रक होतं, स्वरलिपीत छापलेली सोपी पुस्तकं होती, स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. आणि विद्यार्थ्यांचे जलसे होते. जलसा म्हणजे लोकांसमोर गाण्या-वाजवण्याचा कार्यक्रम. त्यातून शाळेला पैसा मिळे, हे खरं. पण शिकणाऱ्यालाही मोठी गोष्ट मिळे. समोर माणसं बसली की हात कापतो, घसा कोरडा पडतो. तरी ठेका सोडायचा नाही, हे वर्गात बसून कळत नाही. आणि ऐकणाऱ्या आईबापांनाही दिसे की चांगल्या घरची मुलं गातात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मुलींसाठी तर ही गोष्ट फार मोलाची होती. त्या काळी बाईनं चारचौघांत गायचं म्हणजे नाव खराब. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, 1905चा. आई ताराबाई माने, वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. घरात गाणंच गाणं, त्यामुळं त्या काही अगदी नवशिक्या नव्हत्या. तरी लोकांसमोरची पहिली पायरी कुणीतरी द्यावी लागते. 1921च्या सुमारास, पंधरा-सोळाव्या वर्षी, त्या मुंबईत पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात गायल्या. पुढं तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव आलं. साध्या वेशात, शांत बसून त्या गात. त्यांच्याकडे बघून कितीतरी घरांनी मुलींना गाणं शिकायला पाठवलं. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पलुस्करांच्या मुंबईच्या इमारतीवर कर्ज झालं, ती हातची गेली. 1931 साली मिरजेला ते वारले. इमारत गेली, पण शिष्य राहिले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुलंमुली बसतात.

परदेशातही शाळेच्या बँडबाबत हीच रीत दिसते. अमेरिकेतल्या अनेक शाळांत वाद्य नुकतंच हाती घेतलेल्या मुलांचा पहिला कार्यक्रम पहिल्या काही महिन्यांतच ठेवतात. पाच-सहा सुरांची छोटी चाल, सगळ्यांनी मिळून वाजवायची. एकट्याचा सूर घसरला तरी बाकीचे सावरून घेतात. आपल्या भजनी मंडळात नवी बाई आली की आपण काय करतो? पहिल्याच दिवशी तिच्या हातात टाळ देतो आणि आपल्यात बसवून घेतो. टाळ चुकला म्हणून तिला घरी पाठवत नाही.

तेवढंच आपल्या लेकींसाठी करायचं आहे. शाळेत सरांना, बाईंना भेटून सांगा, वर्षाच्या शेवटाची वाट बघू नका. दोन चाली आल्या की मुलांना वाजवू द्या. प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी चालेल, पालकसभा चालेल, आपल्या बचत गटाची बैठकसुद्धा चालेल. आपण पुढं बसायचं. चुकलं तर हसायचं नाही, फोन धरून नुसतं चित्रीकरण करत बसायचं नाही, नीट ऐकायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

आमच्या मैत्रिणीच्या लेकीचा ड्रम आम्ही माळ्यावरून खाली काढला आहे. पुढच्या बैठकीत ती वाजवणार आहे. तिला एकच ठेका येतो. आम्ही तेवढाच ऐकणार आहोत.