सेंट लुई ब्लूज : २०१८-१९ चा विजेता हंगाम

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या या व्यावसायिक आइस हॉकी संघाने १९६७ पासूनच्या वाटचालीत पहिला स्टॅनली चषक याच हंगामात जिंकला. नोव्हेंबरात प्रशिक्षक माइक यो यांच्या जागी क्रेग बरूबी आले, तरी जानेवारी २०१९ च्या आरंभी ब्लूज ३१ संघांत तळाशीच होते. ७ जानेवारीला नवखा गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन प्रथमच सुरुवातीपासून खेळला आणि त्याने फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. पुढे सलग ११ विजय मिळाले. श्रेय बहुधा बिनिंग्टनलाच दिले जाते. बरूबींनी बसवलेला चिवट, अंगावर जाणारा खेळ मात्र तितकाच मोलाचा. पुढे बाद फेरीत डॅलसविरुद्धच्या मालिकेतला सातवा सामना दुसऱ्या जादा सत्रात सेंट लुईच्याच पॅट मरूनने जिंकून दिला. १२ जूनला बॉस्टनमध्ये ब्रुइन्सना ४-१ हरवून ब्लूजनी अंतिम मालिका ४-३ अशी घेतली.