शिराझचे माहेर कोणते?

शिराझ ही द्राक्षाची एक जात. फळ लहान, लांबट आणि जवळजवळ काळे. त्याचा गर रंगहीन असतो. रंगद्रव्ये व तुरट टॅनिन असतात सालीत. साली रसातच ठेवून तो आंबवला, की गडद, तुरट, दमदार लाल वाइन तयार होते. थंड प्रदेशातल्या शिराझ वाइनला तर चक्क काळ्या मिऱ्यांचा वास येतो. हे द्राक्ष आले कोठून आणि मिऱ्यांचा वास त्यात शिरला कसा, या दोन प्रश्नांचा आम्ही येथे मागोवा घेणार आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नावातच आहे, असे पुष्कळांना वाटे. इराणमधील शिराझ हे कवी हाफिजचे गाव, आणि तेथील वाइन एके काळी प्रसिद्ध होती. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी एर्मिताज नावाची टेकडी आहे. तेथे या द्राक्षाला 'सिरा' म्हणतात. तेराव्या शतकात धर्मयुद्धाहून परतलेल्या एका सरदाराने या टेकडीवर इराणची वेल लावली, अशी दंतकथा आहे. १८३२ साली जेम्स बझ्बी यांनी युरोपातून ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या द्राक्षकाड्यांत ही जातही होती. पुढे तेथे 'शिराझ' हेच नाव रूढ झाले.

पण नाव हा पुरावा नव्हे. सीताफळाच्या नावात सीता आहे, तरी ते झाड मूळचे अमेरिका खंडातले!

पुरावा वेलीतच होता. द्राक्षाची लागवड काडी लावून करतात, बी पेरून नव्हे. त्यामुळे किरकोळ बदल सोडले, तर आजच्या वेलीत शेकडो वर्षांपूर्वीच्या पहिल्या रोपाचाच डीएनए असतो. डीएनएतील प्रत्येक खुणेच्या दोन प्रतींपैकी एक आईकडून व एक वडिलांकडून येते. अशा अनेक खुणा ताडून १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ यांचा गट आणि फ्रेंच संशोधक यांनी सिराचे जनक शोधले. ते निघाले द्युरेझा हे काळे द्राक्ष आणि माँद्यूज ब्लांश हे पांढरे द्राक्ष. दोन्ही जाती आग्नेय फ्रान्समधल्या. तेव्हा सिराचा जन्मही त्याच परिसरातला मानावा लागतो. इराणची कथा येथे संपते.

दुसरे उत्तर मिळाले २००८ साली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शिराझमधील मिऱ्यांच्या वासाचे द्रव्य ओळखले. त्याचे नाव रोटंडोन. मिऱ्यांतही तेच असते, आणि कितीतरी पट जास्त. एक लिटर वाइनमध्ये ते १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे १६ अब्जांश, असले तरी नाकाला कळते. मात्र चाचणीतील सुमारे २० टक्के लोकांना ते बरेच जास्त असूनही जाणवले नाही. 'मला वास आला नाही' यावरून 'वास नाही' असे ठरवता येत नाही, ते असे.

या द्रव्याची ओळख मात्र जुनी होती. 'सायपेरस रोटंडस' म्हणजे आपला नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात घालतात तोच. त्याच्या तेलातून हे द्रव्य १९६७ सालीच वेगळे केले होते सुख देव आणि सहकाऱ्यांनी. सुख देव तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. वनस्पतीच्या नावावरूनच द्रव्याला नाव मिळाले. त्या वेळी त्याचा द्राक्षाशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही नव्हते.

आज नाशिक परिसरातही शिराझ पिकते. वर्गात वाइनची गरज नाही. मिरी आणि नागरमोथा वेगवेगळे कुटून विद्यार्थ्यांना हुंगायला द्यावेत. दोन्हींत इतरही अनेक द्रव्ये असल्याने वास एकसारखे येणार नाहीत. साम्य कोणाला जाणवते आणि कोणाला नाही, याची नोंद मुलांनीच करावी. आणि गावांच्या, फळांच्या नावांमागच्या कथा निघाल्या, की एक प्रश्न जरूर विचारावा : नावाखेरीज दुसरा पुरावा कोणता?